भांगेवरचं पांढरं

भांग म्हटलं की आपल्याकडे महाशिवरात्र आणि होळी आठवते. फौजेत म्हटलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी आठवते. त्यामुळे पिथौरागढच्या पोस्टिंगवर लिहा असं बऱ्याच जणांनी सुचवूनही हा किस्सा मी दोन वर्षं बाजूला ठेवला होता. परवा सुभेदार साबांचा फोन आला, "लिख दीजिए साब, मेरी तरफ से इजाज़त है, बस नाम मत लिखिए." तेव्हा आता लिहितो.

सुभेदार साबांशी माझी ओळख भांगेवरूनच झाली. मी तेव्हा नवा कॅप्टन, ते हवालदार. ते रजेवरून परतले आणि किट तपासताना एका कापडी पिशवीत करडे-हिरवट, मोहरीपेक्षा मोठे दाणे सापडले. विचारलं तर शांतपणे म्हणाले, "भांग है साब." खडकवासल्याहून बाहेर पडून जेमतेम पाच-सहा वर्षं झालेल्या माझ्यासारख्याला एवढं पुरेसं होतं. मी कागद पुढे ओढला आणि रिपोर्ट लिहायलाही बसलो. आमच्या सुभेदार मेजर साहेबांनी मला बाजूला नेलं, बसवलं आणि सांगितलं की कुमाऊंत हे बी भाजून, वाटून, लिंबू पिळून चटणी करतात, गडेरीच्या भाजीत घालतात आणि शाळेत जाणारी पोरंही खातात. बियांत नशा नसते. संध्याकाळी लंगरमध्ये आलू के गुटके आणि ती चटणी माझ्यासमोर आली. मी निमूट खाल्ली. रिपोर्टचा कागद फाडला. पुढे कायदा उघडून पाहिला तेव्हा कळलं की १९८५ चा एनडीपीएस कायदाही गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे असंच म्हणतो. शेंड्यांशिवाय असलेलं नुसतं बी आणि नुसतं पान त्यात मोडत नाही. म्हणजे एका भल्या माणसाचं रेकॉर्ड मी चटणीपायी खराब करणार होतो.

त्यानंतर आम्ही दोन ठिकाणी एकत्र राहिलो. ते सुभेदार होऊन निवृत्त झाले, गावी गेले. मी २०२१ मध्ये पिथौरागढला आलो तर त्यांचं गाव गाडीने दीड तासावर.

उत्तराखंड सरकारने औद्योगिक भांगेच्या शेतीला परवाने द्यायला २०१८ साली सुरुवात केली होती. अट अशी की वनस्पतीतलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, ०.३ टक्क्याच्या वर जाता कामा नये. धाग्यासाठी आणि बियांसाठी ही शेती. कुमाऊंला ती नवी नाही. पूर्वी याच धाग्याचे दोर वळत, जाडंभरडं कापड विणत. सुभेदार साबांचा मुलगा दिल्लीत एका हॉटेलात कामाला होता. लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली, घरी आला. बाप-लेकाने परवाना काढला, बी आणलं आणि वडिलोपार्जित आठ पायऱ्यांच्या शेतात पेरलं. त्यात साबांच्या पेन्शनमधून साठवलेले पैसे होते. मुलगा परत दिल्लीला जाऊ नये हा त्यामागचा खरा हेतू. हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांच्या घरी पहिल्यांदा चहा घेतला तेव्हाच दिसलं.

मग आला तो ऑक्टोबर. १८ आणि १९ ऑक्टोबर २०२१ ला कुमाऊंत जो पाऊस पडला तो तिथे असलेला कुणी विसरणार नाही. मुक्तेश्वरला २४ तासांत ३४० मिलिमीटरच्या वर नोंद झाली. रस्ते वाहून गेले, माणसं गेली. पाऊस थांबल्यावर आम्ही चार-पाच दिवस त्याच कामात होतो. त्या गडबडीत साबांचा फोन. आवाज नेहमीसारखाच, पण वाक्यं तुटक. बी भरलेले शेंडे पांढरे पडलेत. माल घेणारा व्यापाऱ्याचा माणूस येऊन गेला, म्हणाला सगळ्याला फफूंद लागली आहे, चौथाई भावात द्यायचं तर आत्ता द्या, नाहीतर जाळा. मुलगा द्यायला तयार झाला आहे. "आप एक बार देख लेते तो..."

आता, मी का? तर माझ्या वडिलांची तासगावला द्राक्षबाग आहे हे त्यांना माहीत होतं. द्राक्षवाल्याचा मुलगा म्हणजे बुरशीचा जाणकार, असा त्यांचा हिशोब. तो अगदीच चुकीचा नव्हता. भुरी काय, डाऊनी काय, हे मी चड्डीत असल्यापासून पाहिलंय. सैनिक शाळेतून सुटीत घरी आलो की गंधकाची भुकटी मारताना डोळे चुरचुरायचे ते अजून आठवतं. बाकी जेएनयूची पदवी आम्हाला खडकवासल्याला मिळाली खरी, पण तिच्यात झाडाच्या पानाचा संबंध परेड ग्राउंडच्या कडेच्या झाडांपुरताच.

कमांडरना सांगून, साध्या कपड्यांत, रविवारी गेलो. भांगेच्या शेतात उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा फोटो कुणाला नको असतो! खिशात मुलीचं घडीचं भिंग, दहापट मोठं दाखवणारं. शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेलं.

शेत पाहिलं आणि क्षणभर मलाही वाटलं, गेलं सगळं. शेंड्यांवर बारीक मीठ शिंपडल्यासारखं पांढरं. फुलाजवळच्या छोट्या पानांवर तर दाट. पण भिंग लावलं आणि चित्र बदललं. ते पांढरं म्हणजे पीठ नव्हतं, भुकटी नव्हती. ती होती हजारो काचेच्या टाचण्या. प्रत्येकीला पारदर्शक देठ, वर गोल डोकं, पावसाचा थेंब टाचणीवर बसवावा तसं. डोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं. काही डोकी नितळ, काही दुधाळ, थोडी मधाच्या रंगाची, म्हणजे पिकत चाललेली. उन्हात शेंडा फिरवला की चमक हलायची. बोटात चुरलं तर चिकट, राळेसारखं, आणि वास उग्र पण स्वच्छ. यांना इंग्रजीत ट्रायकोम म्हणतात. झाडाने स्वतःच्या अंगावर उगवलेले राळेचे केस. मादी झाडाच्या फुलाला ते सर्वांत दाट येतात, बी भरलेल्या वेष्टनावर तर हमखास. माल निरोगी असल्याचीच ती खूण.

मुलाला वेगळीच भीती होती. एवढं पांढरं आहे म्हणजे नशा जास्त, म्हणजे तपासणीत ०.३ ओलांडेल, म्हणजे शेत उपटतील. त्याला सांगितलं की केसांच्या दाटीवरून त्यात टीएचसी आहे की दुसरं काही, हे डोळ्यांना कळत नाही. ते प्रयोगशाळाच सांगते. एवढंच सांगायला हवं होतं आणि थांबायला हवं होतं.

कारण पुढच्या वाक्यात मी निकाल दिला. वरच्या तीन पायऱ्यांत दहा-बारा शेंडे पाहिले होते, सगळे साफ. खालच्या पायऱ्यांकडे वरूनच नजर टाकली, तिथेही तसंच पांढरं, तसंच चमकतंय. चार वाजत आले होते, परतीचा रस्ता धड नव्हता. मी म्हणालो, "साब, ये फफूंद नहीं है. माल साफ है. काटिए, और उस आदमी को चाय पिलाकर वापस भेजिए."

साबांनी सॅल्यूट केला नाही, पण खांदे सरळ झाले. त्यांच्या घरच्यांनी मला गुळाची मोठी ढेप दिली. परतताना मी फार खुशीत होतो, कबूल करतो.

रात्री तासगावला फोन लावला. बढाई मारायलाच, दुसरं काय. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आत फोडून बघितलंस काय रं?"

मी म्हटलं, भिंगाने बघितलं की.

"भिंग वरनं लावलंस. घड कुठनं कुजतो? पोटातनं. चार दिस पाऊस लागल्यावर वरचं मणी चकाकत असत्यात आणि आतला देठ गेलेला असतो. सगळ्यात खालच्या, वल्या जागच्या वावरात गेलतास का?"

गेलो नव्हतो.

इथे थोडं थांबून द्राक्षाचं सांगतो, कारण पुढे ज्या बुरशीने घात केला ती द्राक्षालाही लागते, तीच जात, बोट्रायटिस. आपल्या द्राक्षाच्या मण्यावर एक पांढरट झाक असते, बोटाने पुसली जाते. शहरातले लोक तिला औषध समजून घासून घासून धुतात. ती मण्याचं स्वतःचं मेण. भुरीही पांढरी आणि तीही बोटाला लागते. म्हणजे बोटाची परीक्षा एकटी उपयोगाची नाही. आण्णा लहानपणी दाखवायचे ते असं: मेण सगळ्या मण्यांवर सारखं असतं आणि पुसल्यावर खाली साल तुकतुकीत निघते. भुरी ठिपक्याठिपक्यांनी येते, पुसली तर खाली करडा डाग राहतो, आणि बागेत शिरलं की कुबट वास आधी येतो. बोट्रायटिसचं याहून वाईट. ती घडाच्या आत, जिथे वारा पोचत नाही आणि पाणी साठतं तिथे सुरू होते. वर यायला लागते तेव्हा आतलं संपलेलं असतं.

भांगेच्या शेंड्याचंही तेच. जितका भरगच्च शेंडा तितकं आत पाणी जास्त वेळ टिकतं. बाहेरून खूण असते, पण ती पांढरी नसते, ही खरी मेख. भोवतालची सगळी हिरवी असताना मधलंच एखादं छोटं पान पिवळं-तपकिरी होऊन मान टाकतं. ते चिमटीत धरून ओढलं तर विरोध न करता निघून येतं. निरोगी पान असं निघत नाही. शेंडा उकलला तर आत देठ तपकिरी, मऊ, आणि त्यावर राखाडी लोकर. बाहेरचे काचेचे केस मात्र अजून जागेवर, चमकत असतात. मी पांढऱ्याकडे बघत बसलो आणि तपकिरी बघायचं राहून गेलं.

मुलगी शेजारी अभ्यास करत बसली होती. तिने त्यात भर टाकली. "बाबा, पण ब्रेडच्या बुरशीलाही देठ आणि वर गोळा असतो. मी प्रकल्पात काढलाय ना." वही दाखवली. खरंच, तीच टाचणी. फरक तिनेच समजावला: बुरशीचं डोकं काचेसारखं नसतं, पिकलं की काळं, हिरवं किंवा करडं होतं, आणि फुंकर मारली तर धूळ उडते. शिवाय तिच्या खाली धाग्यांचं जाळं असतं, ते या पानावरून त्या पानावर जातं. झाडाचा केस ज्या पानावर उगवला तिथेच उभा राहतो, शेजारच्या पानाकडे पूल बांधत नाही. दहावीतल्या पोरीला माहीत होतं ते मी शेतावर जाण्याआधी तिला विचारलं नव्हतं, भिंग मात्र तिचंच नेलं होतं.

रात्री अकराला साबांना फोन लावला, लागला नाही. पावसात टॉवर आडवा झाला होता, दिवसातून दोन-तीन तास नेटवर्क. सकाळी एका ड्रायव्हरबरोबर चिठ्ठी पाठवली: खालच्या पायऱ्या कापू नका, कापल्या असतील तर वेगळ्या ठेवा, ढीग लावू नका. चिठ्ठी पोचली दुपारी. माझ्या शब्दावर विसंबून त्यांनी आदल्या संध्याकाळपासूनच कापणी धरली होती. गावातली आठ-दहा माणसं मदतीला. पहाट धरून आठही पायऱ्या कापून झाल्या आणि पुन्हा ढग आले म्हणून सगळं घाईने खाली गोठमध्ये रचलं. कुमाऊंनी घरात तळमजल्याला गोठ म्हणतात, गुरं बांधायची जागा, आपला गोठाच. छत खुजं, एक दार, खिडकी नाही. ओला माल छातीएवढा रचलेला, वरच्या आणि खालच्या पायऱ्यांचा एकत्र.

मला तिथे जाता आलं तिसऱ्या दिवशी. ढिगात हात घातला तर आत गरम, शेणखताच्या खड्ड्यात असतं तसं. मधली एक पेंढी ओढली तर राखाडी धूर उडाला. साबांना खोकल्याची उबळ आली. मी सगळ्यांना बाहेर काढलं, तोंडाला फडकी बांधायला लावली. कोविडचे मास्क घरात होतेच, ते बाहेर आले. अशा ढिगात एकटी बोट्रायटिस राहत नाही, ॲस्परजिलससारख्या बुरशीही वस्तीला येतात, आणि त्यांचे कण कमजोर फुफ्फुसात गेले तर दुखणं मोठं होतं. त्यातल्या काही जाती बियांत विष सोडतात, ते भाजूनही जात नाही. म्हणजे चटणीसाठी विकायचं बी संशयावर सोडून देता येत नव्हतं.

मग दोन दिवस सगळं एकेक पेंढी करून अंगणात. मी एक दिवस रजा टाकली. कामाची पद्धत आण्णांनी फोनवरून ठरवून दिली, नेटवर्क असेल तेव्हा. आधी वास. कुबट, ओल्या तळघरासारखा आला की पेंढी बाजूला, पुढे बघायचंच नाही. मग मेलेलं पान शोधायचं, ओढायचं. मग शेंडा मधोमध उकलून देठ बघायचा. भिंग सर्वांत शेवटी, आणि तेही फक्त जिथे मत ठरत नाही तिथे. अंगणाच्या कोपऱ्यात साबांच्या आई बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांनी फार दिसत नाही. त्या नुसत्या वासावर पेंढ्या वेगळ्या करत होत्या. आम्ही त्यांच्यामागून उकलून पाहत होतो, आणि त्यांनी बाजूला टाकलेल्यात एकही चांगली निघाली नाही.

हिशोब असा झाला. खालच्या तीन पायऱ्या ओढ्याकाठच्या, त्या बहुतेक सगळ्या गेल्या. त्या तशाही गेल्याच असत्या. पण वरच्या पाचांतला जवळजवळ दीड पायरीचा माल ढिगात त्यांच्या शेजारी पडून बिघडला. तो माझा. मी "माल साफ है" म्हटलं नसतं तर तो वेगळा कापला गेला असता, वेगळा सुकला असता. उरलेल्या पेंढ्या पहिल्या मजल्याच्या लाकडी बाल्कनीत, शेंडे खाली, दोन पेंढ्यांत हातभर अंतर ठेवून टांगल्या. देठ वाकवल्यावर काडकन मोडेपर्यंत, म्हणजे आठवडाभर. बिघडलेला माल शेतातच जाळला. परवान्याचं पीक म्हणून आधी पटवारींना बोलावून, कागद करून.

मी साबांना म्हणालो, दीड पायरीचे पैसे मी देतो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साब, वो रिपोर्ट आपने फाड़ दी थी न? तब मैंने कुछ दिया था क्या?" मी म्हटलं, तेव्हा चूक माझीच होती. तर म्हणाले, "अब भी आपकी ही है," आणि हसले. पैसे घेतले नाहीत. मुलगा मात्र हसला नाही. तो माझ्याशी त्या दिवशी आणि नंतरही काही महिने नीट बोलला नाही, आणि ते बरोबरच होतं. व्यापाऱ्याचा माणूस पुन्हा आला तेव्हा त्यानेच एक-एक शेंडा उकलून दाखवला आणि उरलेल्या बियांचा पूर्ण भाव मिळवला. त्याच वर्षी भांगेच्या बियांना देशाच्या अन्न नियमांत जागा मिळाली होती, त्यामुळे मागणी वाढेल असं सगळेच म्हणत होते. खर्च निघाला, वर थोडं उरलं. दिल्लीला तो गेला नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांनी ओढ्याकाठच्या तीन पायऱ्यांत भांग घेतलीच नाही, गडेरी लावली. वरच्या पाचांत रोपं विरळ केली, वारा खेळेल इतकी. सप्टेंबरअखेर रोज एक फेरी, पिवळं पान शोधत.

त्याच सुमारास आण्णा आईला घेऊन पिथौरागढला आले. पंचाचूली बघायला म्हणून आले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, ते भांगेचं वावर दाखव. शेतात पोचल्यावर धोतर वर खोचलं, खालपासून सुरुवात केली. मी आणि साब मागे. तीन-चार शेंडे फोडून झाल्यावर एका झाडाच्या बुडाजवळच्या पानावर त्यांना पिठासारखा पांढरा ठिपका दिसला. बोटाने पुसला, बोट नाकाशी नेलं आणि म्हणाले, "भुरी हाय. गंधक मार म्हणावं यांना."

मी भाषांतर केलं. साब म्हणाले, "फूल आ गया है, अब कुछ नहीं मारेंगे. बीज खाने का है." मी तेही भाषांतर केलं. आण्णा म्हणाले, "मग ती खालची पानं तरी खुडा." साब म्हणाले, "पत्ते तोड़ दें क्या?" इथून पुढे त्यांना माझी गरज राहिली नाही. दोघं पायरीवर उकिडवे बसून खालची पानं खुडत राहिले, एक मराठीत, एक हिंदीत बोलत. मला आण्णांनी फक्त एकदा हाक मारली, भिंग दे म्हणून.